मंगळसूत्राचा आकडा

काल बायको मंगळसूत्राचा आकडा लावून घ्यायला पाठमोरी बसली आणि मला सत्तावन्न सालचं कोर्ट आठवलं.

धाकट्या बहिणीचा, सुमनचा, घटस्फोटाचा दावा होता. अकरावी तारीख. आज निकाल लागणार म्हणून घाटकोपरहून निघतानाच तिने मंगळसूत्र काढून रुमालात बांधलं होतं.

न्यायाधीश मान वर न करता म्हणाले, “अ‍ॅडजर्न्ड.” तारीख पुढे ढकलल्याचा तो इंग्रजी शब्द एव्हाना सुमनला पाठ झाला होता. कारकुनाने दोन महिन्यांनंतरची तारीख सांगितली.

“किती दिवस, दादा?”

“एकसष्ट.” मी बोटांवर मोजून सांगितलं.

कोर्टाच्या जिन्यात तिने रुमाल सोडला, माझ्याकडे पाठ केली. “लाव रे. अजून त्याचीच ना मी!”

मी आकडा लावला. राहू दे रुमालातच, एवढं म्हणायला मला कुठल्या निकालाची गरज होती?