पट्टीखालचा हात

शालनबाई गेल्याचं कळलं तेव्हा शाळेत परिपाठ चालू होता. सकाळच्या धुक्यात फलटण रस्त्यावर उसाची ट्रॉली उभी होती, मागे दिवा नाही, आणि बाईंची स्कूटी सरळ तिच्याखाली गेली. मी नको म्हणत असतानाही फोन करणाऱ्यानं सगळं वर्णन करून सांगितलं. मी फोन ठेवला आणि रांगेत कुजबुजणाऱ्या एका मुलीवर असा खेकसलो की ती रडायलाच लागली... माझा राग हा असा, दुःखाच्याही आधी धावत येतो.

मी कवठे महांकाळकडचा. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हटलं की आमचे गुरुजी कान पिरगाळत. एकदा पाळीतून रक्त आलं, तर घरी वडिलांनी वर आणखी दोन ठेवून दिल्या. मार खाल्ला म्हणून माणसात आलो, असं मी पुढं अभिमानानं सांगायचो. शिक्षक झालो तेव्हा टेबलावर सागवानी पट्टी ठेवली. मारायला बंदी होती, पण गावात कोण विचारतो? पालकच म्हणायचे, “बडवा गुरुजी, पन शानं करा.”

शालनबाई आमच्या शाळेवर आल्या त्याच वर्षीची गोष्ट. तिसरीतली आरती धडा वाचत होती. पुस्तकात होतं, ‘आम्ही शेतात गेलो’. ती वाचायची, ‘आमी शेतात गेलो’. मी दटावलं. पुन्हा ‘आमी’. मग पट्टी तिच्या बोटांच्या पेरांवर बसली. परत वाच. ‘आमी...’ असं सात-आठ वेळा झालं असेल. पेरं सुजली, एक फुटलं, पुस्तकावर रक्ताचे थेंब पडले, तरी मला थांबता येईना. खोटं कशाला बोलू, थांबायचंच नव्हतं. मी पट्टीची कड खाली करून ती उचलली, तोच शेजारच्या वर्गातून बाई धावत आल्या आणि त्यांनी आपला पंजा पोरीच्या हातावर ठेवला. पट्टी खाली आलीच. हाड मोडल्याचा आवाज सगळ्या वर्गानं ऐकला.

बाई ओरडल्या नाहीत. चेहरा मात्र पांढराफटक पडला होता. म्हणाल्या, “सर, पोरगी वाचतीया. पाठ केलेलं पोर ‘आम्ही’ म्हनतं. हिनं अक्षर बघितलं, समजून घेतलं आन् आपल्या तोंडानं सांगितलं. वाचन म्हंजे दुसरं काय असतंय?”

दवाखान्यात त्यांनी कपाटाच्या दारात बोट सापडलं असं सांगितलं आणि माझी नोकरी वाचली. पोरांनी घरी खरं सांगितलं असणारच, पण बाईच कपाट म्हणताहेत म्हटल्यावर गाव गप्प बसलं. बोट वाकडंच राहिलं. आरतीची मी माफी मागितली, तीही बाईंनी डोळे वटारले म्हणून. पट्टी घरी नेऊन चुलीत घातली. मुलांचं बोलणं आधी फळ्यावर जसंच्या तसं लिहायचं, ते त्यांना वाचू द्यायचं आणि मग पुस्तक उघडायचं, ही बाईंची रीत मी उचलली. हात आवरला, तोंड अजून सुटतं. बाईंना मात्र ‘माझं चुकलं’ एवढे दोन शब्द मी कधी म्हणालो नाही. इतकी वर्षं शेजारी बसून डबा खाल्ला, त्यांच्या वाकड्या बोटाकडं न बघता.

दहाव्यानंतर त्यांच्या घरी गेलो. मिस्टर फौजेतून निवृत्त झालेले, अंगणात एकटेच बसले होते. मी एका दमात सांगून टाकलं, की बोट कपाटात सापडलं नव्हतं, माझ्या पट्टीनं मोडलं होतं.

“ठावं हाय,” ते म्हणाले. “शाळंतनं आली की मी इचारायचो, सर काय बोललं का? ती म्हनायची, उद्या बोलतील. परवा-परवापत्तुर म्हनत हुती.”