बगदादचे ज्यू आणि बाबांचं डफडं

ऐंशीच्या दशकात चंद्रपूरच्या एका कॉलेजात मी इतिहास शिकवायचो, आणि मला पीएच.डी. करायची होती बगदादच्या ज्यूंवर. हे कळलं तेव्हा स्टाफरूममध्ये जो हशा पिकला, तो पुढे बरीच वर्षं पुरला. "सर, बगदादची बस कोणत्या फलाटावर लागते?" असं विचारणारेही निघाले.

मला काही हसू येत नसे. पिढ्यान्‌पिढ्या अरबांमध्ये राहिलेले, अरबीतच भांडणारे, अरबीतच अंगाई गाणारे ते लोक. शहराच्या गाण्याबजावण्यात त्यांचा हात मोठा. आणि थोड्याच वर्षांत ते परके ठरले, घरंदारं सोडून निघून गेले. एका गल्लीत वाढलेली माणसं एकमेकांना अनोळखी कशी होतात, एवढाच माझा प्रश्न होता.

हा प्रश्न मला बगदादने नाही, सावली तालुक्यातल्या आमच्या गावाने घातला होता. बाबा गावाचं डफडं वाजवायचे. लग्न असो की मयत, त्यांच्यावाचून गावाचं पान हलत नसे. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो आणि बाबांनी डफडं खाली ठेवलं ते कायमचं. गावाने दुसरीकडून वाजवणारे आणले आणि आम्हाला धानाच्या रोवणीला बोलावणं बंद केलं. ज्याच्या धानाच्या बांधीत आई दरवर्षी रोवणी करायची, तो माणूस समोरून आला की आभाळाकडे बघत निघून जाई. बाबा वाकले नाहीत.

मी अरबी शिकलो. कॉलेज सुटल्यावर एका मौलवींकडे जायचो. ते कुराण शिकवणारे, मला वाचायची होती बगदादची जुनी वर्तमानपत्रं. अडखळत का होईना, दोघांनी निभावून नेलं.

विद्यापीठाच्या समितीने विषय पहिल्यांदा परत पाठवला तो अरबी येत नाही म्हणून. येते म्हटल्यावर, इथे साधनं मिळणार नाहीत म्हणून. तिसऱ्या खेपेला अध्यक्षांनी मला चहा पाजला.

"काऊन एवढ्या दूर जाता सर? तुमच्या समाजावर करा ना. मटेरियल तर तुमच्या घरीच आहे. लगेच मंजूर करून टाकतो."

माणूस गोड बोलत होता, याचाच मला जास्त संताप आला. माझ्या शेजारच्या खुर्चीतल्या सहकाऱ्याने फ्रेंच राज्यक्रांती घेतली होती. बाबा रे, पॅरिसला तुझं कोण असतं, असं त्याला कोणी विचारलं नव्हतं. त्याला सगळं जग मोकळं आणि आम्हाला आमची वस्ती. पण पीएच.डी.वाचून बढती नव्हती, आणि चौथी खेप घालण्यात अर्थ नव्हता. मी हो म्हटलं.

सुट्टीत गावी गेलो. बाबा ओट्यावर एका पाहुण्याशी बोलत बसले होते. बगदाद कुठे आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण आवाज चढला होता. "माहा पोरगा अरब देशाचं लिहून राह्यला. आपल्या गावचं नाई, अरबाचं!"

मला तिथेच सांगावं लागलं, की विषय बदलला. आता आपल्या तालुक्यातल्या बौद्धांवर लिहायचंय, आणि पहिली मुलाखत तुमचीच घ्यायची आहे.

बाबांनी पाहुण्याला निरोप दिला. मग म्हणाले, "म्या डफडं खाली ठेवलं होतं. त्याहिनं ते तुह्या गळ्यात टाकलं का?"

मुलाखत त्यांनी दिली नाही. शेवटपर्यंत नाही.

मी डॉक्टर झालो. कॉलेजांतून, सरकारी समारंभांतून मला 'तुमच्या समाजाबद्दल' बोलायला बोलावतात. ज्यूंबद्दल आजवर कोणी एक अक्षर विचारलेलं नाही. अरबी जवळजवळ विसरलो. बोलावणं आलं की जातो, सांगतील तेवढा वेळ वाजवतो, शाल घेतो आणि घरी येतो.