बिनखताचं हिरवं पाणी

माशांची पिल्लं जगवायची तर आधी हिरवं पाणी पिकवावं लागतं. बाटलीत बारीक शेवाळ वाढवायचं, त्या शेवाळावर पाण्यातले इवले किडे पोसायचे आणि ते किडे पिल्लांना चारायचे. उदगीरच्या आमच्या गच्चीवर माझ्या अशा बाटल्यांची रांग होती. प्रत्येकीत हवेची नळी आणि शेवाळाला खत म्हणून चिमूटभर युरिया.

"माणसाला प्यायला न्हाई अन् ही बया शेवाळ पिकवून राहिली," सासूबाई कुणीही ऐकावं अशा आवाजात म्हणायच्या. खोटं कशाला बोलू, बरोबर होतं त्यांचं. दुष्काळाचं साल. टँकरचा आवाज आला की अख्खी गल्ली घागरी घेऊन पळायची.

त्या टँकरच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर एवढी, की शेवाळ पिवळं पडून तळाशी बसायचं. मी पाणी उन्हात ठेवून बघितलं, बाटल्या घासून घासून धुतल्या, युरिया कमी केला, वाढवला. काही उपयोग नाही. एखादी गोष्ट का बिघडली ते कळेपर्यंत मला अन्न गोड लागत नाही. नवरा म्हणतो, माणसं सोडून सगळं दुरुस्त करतेस तू.

मग त्यानं मागच्या अंगणात बोअर मारला आणि पाणी लागलं. आमची वसाहत नवी. उदगीर जिल्हा होणार अशी हूल उठली, अन् पूर्वी जनावरांचा बाजार भरायचा त्या माळावर धडाधड प्लॉट पडले. वर्षानुवर्षं शेणमूत मुरलेली जमीन ती. गटार कुठलं आलंय, घरोघरी शोषखड्डे. पण बोअरचं पाणी नितळ, गार, गोड. सासूबाई नळाशी खुर्ची टाकून गल्लीला पाणी वाटायच्या. त्यांच्या शब्दाला अचानक वजन आलं होतं.

मीही त्या पाण्यानं बाटल्या भरल्या. युरिया टाकायचा राहूनच गेला. तरी शेवाळ असं माजलं की बाटलीतून पलीकडचं दिसेना.

"बघ, पाण्यात जीव हाय माझ्या!" सासूबाई म्हणाल्या.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. लेकरू न खाता-पिता गुबगुबीत व्हायला लागलं तर आई घाबरेलच ना? तशी मी घाबरले.

घरात खरंच एक लेकरू होतं. नणंद बाळंतपणाला आली होती. तिला दूध पुरेना, म्हणून बाळाला पावडरचं दूध पाजत होतो. त्याचं पाणी सासूबाई जातीनं उकळायच्या, नळावर येणाऱ्या बायकांनाही तेच सांगायच्या. "तान्ह्याचं काम हाय, निम्मं आटलंच पाहिजे." पण बाळ मलूल पडत चाललं होतं. रडायलासुद्धा त्याला दम पुरेना. ओठ सावळे दिसायला लागले, तर सासूबाईंनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. "बापाचा रंग घेऊन राहिलंय," त्या म्हणाल्या. नणंद हसली. मला काही हसू येईना.

मी दोन बाटल्या घेतल्या. एकीत विकतच्या जारचं पाणी, दुसरीत बोअरचं. दोन्हींत चमचाभर शेवाळ सोडलं आणि युरिया मुद्दाम कशातच टाकला नाही. जारची बाटली फिकी ती फिकीच राहिली. बोअरची मात्र पालकाच्या रसासारखी झाली. म्हणजे खत पाण्यातच होतं. खाली गॅसवरच्या पातेल्याचं झाकण थडथडत होतं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पाणी आटतं, खत आटत नाही. जितकं उकळावं तितकं ते दाट होत जातं.

खाली येऊन मी पातेलं मोरीत ओतलं.

"अगं ए! डोकं फिरलं का तुझं?" सासूबाई कडाडल्या. "सारी गल्ली पिऊन राहिली, कोण मेलं?"

"आत्या, गल्लीतली माणसं मोठी हायत. हे लेकरू केवढंसं!"

नणंदेला म्हटलं, बाळाला दारात उजेडाला आण. आणलं. ओठ जांभळे, नखं जांभळी. नवऱ्यानं गाडी काढली.

लातूरच्या डॉक्टरांनी बाळाचं रक्त काढलं तर ते लाल नव्हतंच, चॉकलेटसारखं तपकिरी. "पाणी कुठलं पाजता?" त्यांनी विचारलं.

"घरच्या बोअरचंच," सासूबाई म्हणाल्या. "चांगलं उकळून."

"उकळून जंतू मरतात, आजी. पण खतातलं नायट्रेट, हे विष, उलट वाढतं, अन् तान्ह्याचं रक्त मग प्राणवायू धरत नाही."

त्यांनी निळं औषध शिरेतून दिलं. आम्ही तिघी त्या ओठांकडं टक लावून बसलो. ते गुलाबी व्हायला लागले तेव्हा सासूबाई भिंतीला टेकून ढसाढसा रडल्या. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण मी पुढं होऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

परत आल्यावर त्यांनी स्वतःच नळाशी उभं राहून सांगितलं, हे पाणी प्यायला नेऊ नका. बायका खवळल्या.

"जिल्हा झाल्यावर इकायचं असंल तुमास्नी!"

"आता का बरं गोड लागंना?"

तेवढ्यात पलीकडच्या ओळीतली एक बाई घागर कमरेवर घेत हसून म्हणाली, "माझ्या लेकीला बी बाळ झालंय, मावशी. पर आमची काळजी करू नगा. तुम्ही सांगितल्यापासून आम्ही पार निम्मं आटवूनच पाजून राहिलोत."

सासूबाईंनी तिच्या कमरेवरची घागर ओढून काढली आणि गुडघेदुखीची ती म्हातारी अनवाणीच तिच्या घराकडं ओरडत पळत सुटली, "पाजू नगा गं! त्या लेकराला पाजू नगा!"