लाकडाची नाडी पाहणारे मामा

माणसाची नाडी पाहणारे वैद्य जगात पुष्कळ झाले, पण लाकडाची नाडी पाहणारा माणूस एकच, आणि ते माझ्या बायकोचे मामा आहेत, हे मी कुठल्याही कोर्टात शपथेवर सांगायला तयार आहे. सरकारी डेपोत जन्मभर सागाचे ओंडके पारखून ते निवृत्त झाले. त्यांच्या बोटांनी मात्र निवृत्ती घेतली नाही. कुणाकडेही गेले की आधी दाराची चौकट ठोकायची, कान लावायचा, हुंगायचं, आणि माणसांना रामराम त्यानंतर. माझं लग्नही असंच ठरलं. ब्रह्मपुरीला आमच्याकडे पाहुणे आले, मी नवा शर्ट घालून अवघडून बसलो, आणि मामा थेट कपाटाकडे गेले. तीनदा ठोकलं आणि माझ्याकडे न बघताच निकाल दिला, "अलमारी खऱ्या सागाची हाय. लोकंही खरेच असतीन. देऊन टाका पोरगी." शिक्षण, नोकरी कुणी विचारलीच नाही. त्या कपाटाचे उपकार मी अजून मानतो.

पुढे आम्ही आलापल्लीपलीकडे एका टेकडीवर घर बांधायला काढलं, तेव्हा लाकडाचा कारभार मामांकडेच गेला. नागपूरच्या आर्किटेक्ट मुलीने मोबाइलवर डोंगरातल्या घरांची चित्रं दाखवली: उघड्या तुळया, जंगलाकडे मोठी काच, लाकडावर चकाकतं पॉलिश. मामांनी मोबाइल हातभर लांब धरला. "बाई, लाकूड चांगलं हाय तं त्याले रेनकोट काऊन घालून राह्यल्या?" पॉलिश गेलं, जवसाचं तेल आलं. तिने लोखंडी तुळई सुचवली, तर म्हणाले, "लोखंड मोडाच्या पयले सांगत नाई. लाकूड सांगते." मुलीने ते चक्क लिहून घेतलं. लिलावातून आणलेलं लाकूड त्यांनी अख्खा उन्हाळा टेकडीवरच्या मांडवात पसरून ठेवलं, इथली हवा त्याला पचावी म्हणून. बायको वैतागली, "मामा, आम्ही राहायला कधी जायचं?" "आधी लाकूड राहू दे. मंग तुम्ही."

मग छपराची मुख्य तुळई चढवायचा दिवस आला. सगळं छप्पर तिच्यावर, आणि छपराखाली आम्ही. सुतार, मजूर, आर्किटेक्ट, सगळे भोवती उभे. मामांनी बाह्या सरसावल्या, एखादा नट रंगमंचावर येतो तसे पुढे झाले, ठोकलं आणि जाहीर केलं, "घंटा हाय घंटा!" इतकी वर्षं त्यांच्यामागून चौकटी ठोकत हिंडल्याने माझाही कान थोडा तयार झाला होता. घंटा कसली, भिजलेल्या पोत्यावर थाप मारावी तसा आवाज! सुताराने माझ्याकडे पाहिलं. त्यानेही ऐकलं होतं. बोलावं तर मामांची उभ्या जन्माची कमाई चारचौघांत जाणार, गप्प बसावं तर ही तुळई आमच्या डोक्यावर जाणार. मी जोरात शिंकलो आणि ओरडलो, "मामा, सर्दीनं कान बंद झालेत माझे. माझ्यासाठी एकदा पुन्हा ठोका की!"

मामा माझ्या तोंडाकडे पाहत राहिले, जरा जास्तच वेळ. मग त्यांनी तुळईला कानाऐवजी कपाळ टेकवलं, डोळे मिटले, आणि ठोकत ठोकत पुढे सरकले. मध्यावर थांबले. "हे नाई चालत. आतून पोकळ हाय. बाजूले ठेवा."

"मामाजीले कोण फसवन!" सुतार मुद्दाम मोठ्याने म्हणाला.

दुपारी डबा खाताना मामा माझ्याजवळ सरकले. "सर्दी कधी झाली जी, जवाईबापू?"

"आत्ताच."

हसले. मग पोळीकडे बघत म्हणाले, "दोन वर्षं झाले. मले बराबर आयकू येत नाई. तुमच्या मामीलेही नाई सांगितलं." पोळीचा तुकडा मोडत म्हणाले, "असं करू. मी ठोकतो, तुम्ही आयका. मी तुमचं तोंड पाहीन."

बदली आणलेली तुळई, बाकीचे खांब, चौकटी, जिना, सगळं आम्ही असंच पारखलं. आता त्याच घरात राहतो. थंडीत ऊन उतरलं की तुळया कुरकुरतात, एखादा खांब कडकन बोलतो. मामा आलेले असले की ओसरीवरून माझ्याकडे बघतात. "काय म्हणते?" मी ऐकतो आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने सांगतो. एरवी मी कुठलीही गोष्ट पदरचं घातल्याशिवाय सांगत नाही. इथे मात्र जेवढं ऐकू येतं, तेवढंच सांगतो.