आर्लीन बाईंची तीन क्रेडिटं

हॅडलीच्या शाळेत तिसरा तास आर्लीन व्होंड्रा बाईंचा. खोली शाळेची, बाकं शाळेची, पण शिकवायचं ते कॉलेजच्या पहिल्या वर्षाचं बीजगणित. सोळा-सतरा वर्षांची पोरं या तासाला पास झाली की चाळीस मैलांवरच्या कॉलेजच्या दप्तरी त्यांच्या नावावर तीन क्रेडिटं चढतात. पुढे ती कुठेही शिकायला गेली तरी तेवढी वाट आधीच चालून झालेली असते. अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या त्या मक्याच्या मुलखात हा तास एकवीस वर्षं अखंड चालला होता. गावचा जनावरांचा डॉक्टर याच तासातून गेलेला आणि दवाखान्यातल्या दोन्ही नर्सही.

पहिल्या दिवशी बाईंचं एक ठरलेलं भाषण असे. "हे शाळेचे मार्क नव्हेत," त्या म्हणायच्या. "शाळेचे मार्क तुमची आईसुद्धा विसरते. हे कॉलेजात जातात आणि तिथेच राहतात. तुम्ही साठ वर्षांचे झालात तरी तिथेच. मध्येच सोडलंत तर नापास नाही लिहीत, 'डब्ल्यू' एवढं एकच अक्षर लिहितात. सोडून गेला, बस्स. पण ते अक्षर कुणाच्या बापाला पुसता येत नाही."

पोरं गंभीर चेहऱ्याने ऐकायची. बाईंना ही अक्षराची गोष्ट इतकी पोटतिडकीने का सांगावीशी वाटते, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

कारण बाईंच्या स्वतःच्या गुणपत्रिकेत एक डब्ल्यू होता. १९९३ सालचा, ऑक्टोबरातला. तरुणपणी शाळेत शिकवता शिकवता त्यांनी त्याच कॉलेजात एम.ए.चं शिक्षण सुरू केलं होतं. पाच विषय झाले आणि सहाव्यात गाडी अडली. ते गणितातलं असलं प्रकरण होतं की त्यात आकडे जवळजवळ नसतातच, नुसतं 'सिद्ध करा' असतं. पहिल्या परीक्षेत शंभरात अठ्ठावीस मिळाले आणि बाईंनी विषय सोडला, त्याबरोबर एम.ए.ही सोडलं. पुढे दीड वर्षाने केनी झाला. मग कुणी विचारलं की त्या म्हणत, "काय करणार, बाळ झालं ना." लोकांनी ऐकलं आणि मान डोलावली. झाकली मूठ सव्वा लाखाची. तो केनी आता त्याच शाळेत बास्केटबॉल शिकवतो. गेल्या एप्रिलमध्ये तो तीस वर्षांचा झाला तेव्हा साऱ्या शाळेने केक खाल्ला.

गेल्या जानेवारीत मुख्याध्यापक डेल रँडल एक पत्र घेऊन बाईंच्या खोलीत आले. उंच माणूस, पण वाईट बातमी आणली की खांदे पाडून चालायचे.

"कॉलेजचा नवा नियम आहे, आर्लीन. त्यांचा विषय शिकवायचा तर शिकवणाऱ्याने स्वतः त्या विषयात एम.ए.ची अठरा क्रेडिटं केलेली हवीत."

"माझी किती आहेत?"

"पंधरा."

"तेहेतीस वर्षं शिकवतेय मी, डेल."

"ते मला माहीत आहे. पण त्यांच्या यादीत तेहेतीस वर्षांचा रकानाच नाही." डेल बाकावर टेकले. बाक लहान, माणूस मोठा. "ऑगस्टपर्यंत ती तीन झाली नाहीत तर तास बंद. ज्याला हवं त्याने चाळीस मैल जाऊन शिकावं."

कोण जाणार होतं चाळीस मैल? निम्म्या पोरांच्या घरी जास्तीची गाडी नव्हती, आणि उरलेल्यांकडे गाड्या होत्या तर घरी दूध काढायला गाई होत्या. तास बंद म्हणजे बंदच. बाईंनी कॉलेजचं उन्हाळ्याचं वेळापत्रक उघडलं. एम.ए.चा गणिताचा एकच विषय होता त्यात. तोच. त्यांनी नाव नोंदवून टाकलं.

गावाला ही बातमी कळायला दुपार पुरली. धान्याच्या कोठारापाशी सकाळी कॉफीला जमणाऱ्या शेतकऱ्यांनी तर पैजाच लावल्या, डोनटांच्या. बाईंचा नवरा लिरॉय तिथलाच. संध्याकाळी तो घरी येऊन म्हणाला, "मी तुझ्यावर एक डझन लावलेत."

"पास होईन म्हणून?"

"तू चौथ्या दिवशी मास्तराची चूक काढशील म्हणून."

जूनमध्ये वर्ग सुरू झाला. सोमवार ते गुरुवार, सकाळी आठ ते दहा. वर्गात पाचजण, बाई सोडून सगळे पंचविशीचे. आठच्या ठोक्याला शिकवणारा आत आला, फळ्यावर नाव लिहिलं, वळला आणि खडू हातातच राहिला. नोलन बार्टोश. पंधरा-सतरा वर्षांपूर्वी बाईंच्या तिसऱ्या तासाला शेवटच्या बाकावर पेंगणारा नोलन. आता पीएच.डी. झालेला, दाढी राखलेला.

"गुड मॉर्निंग, मिसेस व्होंड्रा," त्याच्या तोंडून निघून गेलं, तेही शाळकरी हेल काढून.

"बस," बाई म्हणाल्या, आणि मग चूक लक्षात येऊन, "म्हणजे, चालू दे. चालू द्या." शेजारच्या पोराला वाटलं, या कुणी तपासणीला आलेल्या बाई आहेत. त्याने पहिले दोन दिवस त्यांच्यादेखत फोन काढला नाही.

नोलन शिकवायचा मात्र सुरेख. बाईंना त्याचा अभिमान वाटायचा आणि त्याच वेळी काहीही कळायचं नाही. घरी त्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून बसत आणि लिरॉय मक्याची कणसं सोलत समोर बसे. "कुठपर्यंत आलं?" तो विचारी. "शून्य आणि एक यांच्या मध्ये," बाई म्हणत. "आठवडाभर तिथेच आहेस तू," असं तो म्हणे, आणि ते खरं होतं.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी परीक्षा झाली. सोमवारी नोलनने पेपर परत दिले, उपडे करून, कोपरा दुमडून. ही पद्धत बाईंचीच. कमी मार्क पडले की त्या कोपरा दुमडायच्या, म्हणजे शेजाऱ्याला दिसू नये. आतमध्ये मार्कांखाली एक ओळही लिहायच्या. तिसऱ्या तासाच्या कित्येक पोरांनी ती वाचली होती. बाईंनी कोपरा उघडला. एक्केचाळीस. खाली लिहिलेलं: 'भेटायला या. येताना काहीतरी खायला आणा.'

बाईंचे कान तापले. स्वतःचंच वाक्य स्वतःच्या पेपरावर वाचायला लागावं, याहून मोठी फजिती त्यांना आठवत नव्हती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. त्या नोलनला न भेटताच कचेरीत गेल्या आणि विषय सोडण्याचा अर्ज घेऊन आल्या. गुरुवारी दुपारपर्यंत द्यायचा होता. त्यानंतर सोडायची सोयच नव्हती. मग पास, नाहीतर ढळढळीत नापास.

गावात शिरताना त्या पेट्रोल भरायला थांबल्या. गल्ल्यावर होसलिन पाचेको होती, सोळा वर्षांची, पुढच्या सत्रात तिसऱ्या तासाला नाव घातलेली. बाप मांसाच्या कारखान्यात पहाटपाळीला, आई शाळेच्या स्वयंपाकघरात. होसलिनला नर्स व्हायचं होतं, आणि गणित आपल्याला येत नाही अशी तिची ठाम समजूत होती.

"मिसेस व्होंड्रा, एक विचारू? तास आहे ना नक्की?"

"का गं?"

"आई विचारतेय. म्हणजे रोज विचारतेय. तिने आमच्या मावशीला मेक्सिकोत, ग्वादालाहाराला फोन करून सांगितलंसुद्धा, होसलिन कॉलेजात जाणार म्हणून. मी म्हटलं, अगं, कॉलेजात नाही, जेवणाच्या खोलीशेजारीच आहे. पण ऐकत नाही." तिने पावती पुढे केली. "तुम्ही पास होताय ना?"

"बघू," बाई म्हणाल्या. पर्समधला अर्ज त्यांना त्या क्षणी चटका दिल्यासारखा जाणवला. फार वाईट वाटलं त्यांना, स्वतःबद्दल नाही, त्या पोरीच्या आईबद्दल.

घरी येऊन त्यांनी कणीक मळली. हात कामात असले की त्यांचं डोकं ताळ्यावर येतं. खसखशीच्या सारणाच्या चोवीस कोलाची, म्हणजे छोटे गोड पाव, भाजल्या, त्यांच्या चेक आजीच्या हातच्या असायच्या तशाच. लिरॉयने दोन लांबवल्या. मंगळवारी बावीस कोलाची आणि तो अर्ज, दोन्ही घेऊन त्या नोलनच्या खोलीत गेल्या.

नोलनने आधी एक खाल्ली, मग दुसरी. अर्ज त्याने बघितला होता, पण हात लावला नाही.

"तुम्हाला आठवतंय," तो म्हणाला, "मीही असाच अर्ज घेऊन आलो होतो तुमच्याकडे? एकोणचाळीस पडले होते मला."

"अडतीस."

"अडतीस. तुम्ही मला म्हणालात, 'मी एम.ए. सोडलं ते बाळ झालं म्हणून. तुला कुठलं बाळ झालंय, नोलन?' अर्ज फाडून टाकला मी."

बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "बाळबिळ काही नव्हतं. केनी पुढे दीड वर्षाने झाला. मला अठ्ठावीस पडले होते. याच विषयात. घाबरले आणि पळाले."

सांगून टाकलं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही शेवटच्या बाकावर पेंगणाऱ्या पोराला. नोलन हसला नाही. त्याने तिसरी कोलाची उचलली, सावकाश खाल्ली, दाढीतली खसखस झटकली.

"बरं," तो म्हणाला. "मग आता कुठलं बाळ झालंय, मिसेस व्होंड्रा?"

बाईंना एकदम हसू फुटलं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. उद्धट पोरगं. पण शिकवलं होतं कुणी?

अर्ज त्यांनी तिथेच फाडला. पुढचे पाच आठवडे त्या रोज वर्ग संपल्यावर तासभर नोलनच्या खोलीत बसल्या, आणि रोज काही ना काही भाजून नेत गेल्या. नोलनचं वजन वाढलं. एका सोमवारी बाईंनी खरोखरच फळ्यावरची त्याची एक चूक काढली. दिवस चौथा नव्हता, एकविसावा होता, म्हणून लिरॉय पैज हरला आणि कोठारावर एक डझन डोनट त्याला न्यावे लागले. तो तक्रार करत नव्हता. जुलैच्या अखेरीस निकाल लागला तेव्हा बाईंना 'बी' मिळाला. क्रेडिटं तीन, एकूण अठरा. डेल रँडल खांदे सरळ करून चालू लागले.

ऑगस्टात शाळा उघडली. तिसऱ्या तासाला एकोणीस पोरं होती. बाईंनी नेहमीचं भाषण केलं, मार्क, दप्तर, पुसता न येणारं अक्षर, सगळं. आणि यंदा, मन भरून आलं होतं म्हणून म्हणा किंवा थोडी मिरवायची हौस म्हणा, त्यांनी आपल्या गुणपत्रिकेची प्रत बाकांवरून फिरवली. "हा बघा डब्ल्यू. आणि हा त्याच विषयातला बी. बत्तीस वर्षं लागली." पोरांनी टाळ्या वाजवल्या. अक्षराशेजारी महिना आणि साल छापलेलं असतं, हे जन्मभर आकड्यांत वावरलेल्या बाईंच्या लक्षात आलं नाही.

सप्टेंबरात पहिली परीक्षा झाली. होसलिनला सव्वीस पडले. दुमडलेला कोपरा उघडून तिने ओळ वाचली आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आली. एका हातात आईने दिलेल्या तमालेंचा डबा, दुसऱ्या हातात विषय सोडण्याचा अर्ज.

बाईंनी डबा उघडला. मक्याच्या पानांत गुंडाळलेल्या गरम तमालेंचा वास खोलीभर पसरला. आता त्यांनी ठरलेलं वाक्य म्हणायचं होतं. बाळ, आणि तुला कुठलं बाळ. एकवीस वर्षं हमखास चाललेलं औषध ते.

"हे बघ, होसलिन," त्यांनी सुरुवात केली. "मी सोडलं होतं ते…"

"बाळ झालं म्हणून," होसलिन म्हणाली. "माझ्या चुलतभावाला सांगितलं होतंत तुम्ही." तिने नजर खाली घातली. "पण मिसेस व्होंड्रा, रागावू नका. तुमच्या कागदावर ऑक्टोबर त्र्याण्णव आहे. आणि कोच केनी या एप्रिलमध्ये तीस वर्षांचे झाले. मी केक वाढत होते. म्हणजे ते पंच्याण्णवचे. मी तीनदा करून बघितलं. दीड वर्ष शिल्लक राहतं."

त्या साऱ्या गावात, बँकवाल्यांपासून पैजा लावणाऱ्यांपर्यंत, ही वजाबाकी कुणी केली नव्हती. ती गणित न येणाऱ्या पोरीने केली होती.

"अठ्ठावीस पडले होते मला," बाई म्हणाल्या. "घाबरले होते मी. बाकी सगळी थाप."

होसलिनने वर बघितलं. "माझ्यापेक्षा दोनच जास्त?"

"दोनच." बाईंनी अर्ज तिच्या हातातून घेतला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर पहिलं उदाहरण लिहिलं. "बस. ज्या पोरीला माझी थाप पकडता येते, तिला हे यायलाच पाहिजे."