न्याहारीला एक कमी

आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, कुठंही गेले तरी लगेच टेकत नसत. आधी तिथली सगळी माणसं नजरेखालून घालत, मग लग्न असो की एसटी. वडूजकडचा मेंढपाळ माणूस. जन्म मेंढरांमागं गेला. "मोजता का हो?" म्हटलं की हसायचे. "मोजायचं कशाला? वळख ठिवायची. कमी आसंल ते आपसूक टोचतंय."

मोतीबिंदू पिकला तेव्हा मिरजेत ऑपरेशन ठरलं. माझ्या नवऱ्यानं हौसेनं आदल्या रात्रीसाठी सांगलीत, भर पेठेतल्या एका देखण्या छोट्या हॉटेलात मला आणि मामंजींना शेजारशेजारच्या खोल्या घेऊन दिल्या. सगळ्या मिळून नऊच खोल्या. पितळी घंगाळात तरंगती फुलं, पांढरीशुभ्र गादी. मामंजी गादीवर बसले आणि दचकून उठले. "आगं, बुडतुय की मी ह्यात!" मग संध्याकाळभर अंगणात बसून राहिले. चेहरे धूसर दिसत, पण चालीवरून माणूस ओळखायचे.

सकाळी न्याहारी करता करता त्यांनी चमचा खाली ठेवला. "त्यो पाय वढत चालनारा पावना आला न्हाई."

"झोपले असतील. गाडी उभी आहे, चला," मी म्हटलं. डॉक्टरांची वेळ मोठ्या मुश्किलीनं मिळाली होती. पण हे उठून थेट मॅनेजरकडे.

"आजोबा, त्यांच्या दारावर 'त्रास देऊ नका' अशी पाटी आहे," तो गोड हसून म्हणाला.

"आवं सायेब, पाटी रातच्याला लावली आसंल. आता त्याला काय हुतंय, ते पाटीला काय ठावं?"

आणि त्या दारापुढंच फतकल मारून बसले. लोक बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मामंजी, उठा! ऑपरेशन हुकेल!"

"हुकू दे."

शेवटी मॅनेजरनं वैतागून किल्ली आणली.

पाहुणे बाथरूमच्या फरशीवर पडले होते. शुद्धीत होते, पण अर्धं अंग लुळं, तोंडातून शब्द फुटत नव्हता. मामंजींनी खाली बसून त्यांचा हात धरला. "आलो की आमी. भिऊ नगा." दोन धड डोळे असून मला हा माणूस काल दिसलासुद्धा नव्हता!

वेळेत दवाखान्यात आणलं म्हणून वाचले, असं तिथले डॉक्टर म्हणाले. आमचं ऑपरेशन पुढच्या महिन्यावर गेलं. परतताना मी विचारलं, "मामंजी, ते नुसते झोपलेले असते तर?"

"तर शिव्या खाल्ल्या आस्त्या. शिव्यांनी मानूस मरत न्हाई."

मामंजी जाऊन दोन वर्षं झाली. आमच्या इमारतीत एखादं दार उशिरापर्यंत बंद दिसलं की मी बेल वाजवते. परवा समोरच्या बाईंनी मला चांगलंच फैलावर घेतलं. आवाज अगदी खणखणीत होता. मी निवांत घरी आले.