वितभर पिल्लू, हातभर ठोकळा

"साहेब, बाईला लागलेली गोळी रायफलची असूच शकत न्हाई. तुमचंच पत्र म्हणतंय," तपास अधिकारी म्हणाले आणि त्यांनी माझ्या टेबलावर एक झेरॉक्स ठेवली. खाली सही माझी होती.

मी तेव्हा नांदेडला बंदुका आणि गोळ्या तपासण्याच्या नोकरीत होतो. मुखेड-देगलूर रस्त्यालगतच्या एका गावात सुमन नावाची बाई हरभऱ्यात खुरपताना गोळी लागून मेली होती. शेजारच्या तुरीत त्याच सकाळी परवाना घेऊन एक शिकारी रानडुकरं मारायला आला होता. त्याने रायफलची एकच गोळी झाडली आणि एक पिल्लू पाडलं. त्याच वेळी सुमनचा दीर व्यंकट बांधावरून ठासणीची बंदूक वाजवत होता. ठासणीची म्हणजे नळीत दारू आणि शिसं ठासून उडवायची. बंदूक बिनपरवाना होती. व्यंकट म्हणत होता, नुसती दारू ठासली, डुकरं हाकलायच्या आवाजासाठी. गोळी सुमनच्या अंगातून आरपार गेली होती आणि सापडली नव्हती. व्यंकट कोठडीत होता.

आता पत्राचं सांगतो. परवाना देणाऱ्या कार्यालयाने वर्षभर आधी विचारलं होतं, कोणती गोळी जनावरात थांबते? रायफलच्या गोळ्या ढोबळमानाने दोन प्रकारच्या. एकीला टोकापर्यंत तांब्याचं कवच असतं. ती आकार न बदलता पुढे जाते. दुसरी सॉफ्ट नोज. तिच्या टोकाला शिसं उघडं असतं, बाकी कवच तांब्याचंच. ते शिसं आदळलं की छत्रीसारखं पसरतं आणि गोळी अडते. मी मांसाऐवजी जिलेटिनच्या ठोकळ्यावर दोन्ही झाडून पाहिल्या. कवचाची पार गेली, सॉफ्ट नोज आत थांबली. मी लिहिलं, "सॉफ्ट नोज गोळी जनावराच्या शरीरात थांबते."

त्या वाक्यावर परवान्याची अट बदलली. आधी आजूबाजूच्या रानातली माणसं बाहेर काढूनच गोळी झाडायची, असा नियम होता. तो गेला. त्या सकाळी सुमनला कोणी रानाबाहेर काढलं नाही.

"पिल्लू कुठे आहे?" मी विचारलं.

"पुरलं की. पंचनामा करून."

"उकरा."

"डुकराचं पोस्टमार्टेम? उद्या डुकरिणीला पंच म्हणून बोलवाल."

"आली तर जबाबही घेऊ."

ते हसले. पण पिल्लू उकरलं. मी स्वतः गेलो होतो. पिल्लाची छाती वितभरसुद्धा जाड नव्हती. गोळी शिरली तिथलं भोक हरभऱ्याएवढं होतं आणि बाहेर पडली तिथलं अंगठ्याएवढं. हाडाला धक्का नव्हता. शिसं पसरायला आत पुरेसं मांस लागतं. ते मिळण्याआधीच गोळी दुसऱ्या बाजूने बाहेर पडली होती, अर्धवट उमललेली आणि कलंडलेली. कलंडलेली गोळी पुढे लागते ती आडवी. म्हणून सुमनची जखम वेडीवाकडी होती, ठासणीच्या शिशाची वाटावी अशी.

शिकारी उभा होता तिथून पिल्लू आणि पिल्लापासून हरभरा एका रेषेत होता. गोळी जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीने गेली होती. उभ्या बाईच्या पायाला लागली असती. सुमन खुरपायला बसली होती.

तिच्या लुगड्याचं भोक मी सूक्ष्मदर्शकाखाली घेतलं. कडेला तांब्याचा अंश निघाला. ठासणीच्या शिशाला तांबं नसतं. आणि विणीत, आतल्या बाजूला ढकललेला, एक राठ केस होता. रानडुकराचा.

अहवाल दीड पानांचा झाला. त्यात माझं आधीचं पत्र चुकीचं होतं, हेही लिहिलं. व्यंकट सुटला, पण तोवर सात महिने गेले होते.

तो एकदा भेटायला आला. खुर्चीवर बसला नाही.

"साहेब, तुमीच सोडविलं म्हणत्यात."

"हो. आणि रायफलची गोळी जनावरात थांबते, असं आधी लिहिलं होतं तेही मीच."

त्याने मान हलवली. ते त्याला कळलं की नाही, माहीत नाही.

"घरी कसं आहे?"

"दादा बोलत न्हाई. म्हणतो, कागद कायबी म्हणू दे, बंदूक तुझ्याच हातात हुती." मग म्हणाला, "वैनीला मीच म्हणलो हुतो, बस तिकडं, डुकरं हिकडं येतील. मी हाव ना बांधावर."

"आता काय करतोस?"

"निलंग्याकडं ऊसतोडीला हाय. गावात जाऊन काय करू?"

तो गेला. मी परवाना देणाऱ्या कार्यालयाला दुरुस्तीचं पत्र लिहिलं. पोच आली. पुढच्या हंगामात दुसऱ्या एका प्रकरणात परवान्याची प्रत माझ्यासमोर आली. अट क्रमांक चार: सॉफ्ट नोज गोळीच वापरावी, ती जनावराच्या शरीरात थांबते. खाली माझ्या जुन्या पत्राचा जावक क्रमांक. पुन्हा लिहिलं. पुन्हा पोच आली. मग मी निवृत्त झालो.

माझा ठोकळा हातभर जाड होता. पत्रात जाडी लिहायची राहिली.